ठेव की दान?

मागच्या उन्हाळ्यात चपला घ्यायला एका दुकानात गेलो होतो. चप्पल पायात बसली, भाव पटला, मी पाकीट काढले. गल्ल्यावरच्या मुलाने विचारले, “काका, मोबाइल नंबर?”

“कशाला? मी रोख देतोय.”

“नंबर टाकल्याशिवाय बिलच निघत नाही, काका.”

माझ्यामागे दोघे-तिघे ताटकळले होते. मी दहा आकडे म्हणून दाखवले, अख्ख्या दुकानाला ऐकू जातील एवढ्या मोठ्याने. पुढच्या आठवड्यात कर्ज देऊ करणारे, प्लॉट विकणारे आणि गुडघेदुखीवर तेल सुचवणारे फोन सुरू झाले. त्यांचा त्या चपलांशी संबंध होता, हे मी सिद्ध करू शकत नाही. कोणत्याही ग्राहकाला ते सिद्ध करता येणे अवघडच, आणि या विषयाची खरी गोम तिथेच आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावले होते की, बिलासाठी मोबाइल नंबरचा आग्रह धरू नका. मला गल्ल्यापाशी त्याची आठवण झाली नाही. आठवण झाली असती तरी मागच्या रांगेपुढे मी वाद घातला असता असे नाही.

घरी आल्यावर मात्र एक प्रश्न डोक्यातून जाईना. मी त्या मुलाला जे दिले, ते नेमके काय होते? आपल्याकडे देण्याचे निरनिराळे प्रकार आहेत. दानावर उदक सोडले की आपला हक्क संपला. घेणारा त्याचे काहीही करो. ठेवीचे तसे नाही. ठेव दुसऱ्याच्या घरात असते, पण असते आपली. ज्याच्याकडे ठेवली, त्याने ती सांभाळायची, स्वतःसाठी वापरायची नाही आणि मागितली की परत करायची. माझा मोबाइल नंबर ही ठेव होती की दान?

मी वकील नाही. पण हा प्रश्न घेऊन जुने निकाल आणि कायदे वाचायला बसलो, तेव्हा लक्षात आले की ग्राहकाच्या माहितीच्या कायद्याचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. आपल्या देशाने त्याचे एक चांगले उत्तर शोधले होते. ते कसे सापडले आणि पुढे त्याचे काय झाले, ते येथे मांडतो.

बंद पेटी

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात खटल्यांची अठरा कारणे, म्हणजे व्यवहारपदे, सांगितली आहेत. पहिले ऋणादान आणि लगेच दुसरे निक्षेप, म्हणजे ठेव. याज्ञवल्क्यस्मृतीत ठेवीचा एक खास प्रकार आहे, उपनिधी. पेटीत किंवा पिशवीत बंद करून, आत काय आहे ते न सांगता दुसऱ्याच्या हाती सोपवलेली वस्तू. ती जशी दिली तशीच परत करायची. या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला होता. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात, तिसऱ्या खंडातल्या व्यवहारप्रकरणात, जिज्ञासूला हा सगळा विषय सापडेल.

‘आपल्याकडे सगळे आधीच होते’ असे म्हणण्यासाठी मी हे सांगत नाही. स्मृतिकारांना काळजी होती ती वस्तूची, माहितीची नव्हे. शिवाय त्यांच्या न्यायात वादी-प्रतिवादींचा वर्णही पाहिला जाई. मला एवढेच दाखवायचे आहे की, ‘दुसऱ्याच्या हाती दिले म्हणून ते त्याचे झाले नाही’ ही कल्पना आपल्या व्यवहारात परकी नाही. इंग्रजांनी १८७२ चा करार कायदा केला, त्याच्या १५१ व्या कलमातही तीच आहे: दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने सामान्य शहाणा माणूस स्वतःची तशी वस्तू जेवढी जपेल, तेवढी ती जपावी.

माहितीचे दुखणे मात्र वेगळे आहे. पेटी परत दिली की ठेवणारा मोकळा. नंबर दिला तरी माझ्याकडेही राहतो, आणि ‘परत केला’ म्हटले तरी त्याच्याकडेही राहतो. म्हणून माहितीच्या बाबतीत ‘जशीच्या तशी परत’ याचा अर्थ एकच होऊ शकतो: ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची आणि काम झाले की पुसून टाकायची.

पत्र, तार, टेलिफोन

माणसे आपले गुज सर्रास परक्या यंत्रणेच्या हाती सोपवू लागली ती टपालामुळे. १८९८ च्या टपाल कायद्यात दोन तरतुदी शेजारशेजारी नांदत होत्या. टपाल कर्मचाऱ्याने हाती आलेले पत्र फोडले तर तो गुन्हा होता. पण सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षितता असे कारण दाखवून सरकार तेच पत्र अडवू शकत होते. १८८५ च्या तार कायद्याचे पाचवे कलम त्याच वळणाचे. नोकराने उघडायचे नाही, मालकाने उघडले तर चालेल. हे दुहेरी माप लक्षात ठेवावे, कारण सव्वाशे वर्षांनंतर ते पुन्हा भेटणार आहे.

स्वातंत्र्यानंतर घटना आली, पण खासगीपणाचा हक्क तिच्यात शब्दाने लिहिलेला नव्हता. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात दालमिया समूहाच्या कंपनीसंबंधी ३४ ठिकाणी घातलेल्या झडत्यांना आव्हान दिले गेले. आठ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, अमेरिकी घटनेसारखे झडतीविरुद्धचे संरक्षण आपल्या घटनाकारांनी घातलेले नाही, ते आम्ही ओढूनताणून आणणार नाही. मग आला खरक सिंग. दरोड्याच्या खटल्यात पुराव्याअभावी सुटलेला हा उत्तर प्रदेशातला माणूस. पोलीस त्याच्यावर पाळत ठेवत आणि रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावत. १८ डिसेंबर १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या त्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण त्याच निकालात खासगीपणा हा घटनेने दिलेला हक्क नाही असेही म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव आणि मूळचे मुंबई उच्च न्यायालयातले न्यायमूर्ती जे. सी. शहा यांनी वेगळे मत नोंदवले. सगळी पाळतच नागरिकाच्या स्वातंत्र्यावर घाला घालते, असे ते मत. पुढची पंचावन्न वर्षे कायद्याची वाट त्या अल्पमताकडेच सरकत गेली.

दाराकडून तारेकडे येतानाचा एक खटला मुंबईचा आहे. शहराचे कॉरोनर आर. एम. मलकानी यांनी एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचा आरोप होता. दुसऱ्या एका डॉक्टरच्या संमतीने पोलिसांनी टेलिफोनवरचे बोलणे टेपवर घेतले. ती टेप पुरावा म्हणून चालेल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ठरवले. निरपराध नागरिकाच्या संभाषणाला न्यायालय संरक्षण देईल, अपराध्याच्या नाही, असा त्यामागचा विचार. वाचायला हे न्याय्य वाटते. पण निरपराध कोण आणि अपराधी कोण, हे ऐकणाऱ्याला ऐकून झाल्यावरच कळणार ना? १९७५ च्या गोविंद खटल्यात न्यायालयाने खासगीपणाचा हक्क निदान गृहीत धरून विचार केला. १८ डिसेंबर १९९६ रोजी, खरक सिंगच्या निकालानंतर बरोबर चौतीस वर्षांनी, फोन चोरून ऐकण्यावर न्यायालयाने बंधने घातली: गृहसचिवाचा आदेश हवा, तो दोन महिन्यांपुरता, सहा महिन्यांपलीकडे नाही, आणि वर आढावा समिती.

या सगळ्या खटल्यांत एक गोष्ट समान आहे. त्यांत राज्यसंस्था नागरिकाकडून काहीतरी घेते आहे: झडती, पाळत, टेप. नागरिकाने आपणहून, कामाच्या गरजेपोटी, बँकेला किंवा दुकानाला जे दिले, त्याचा प्रश्न अजून उभाच राहिला नव्हता. तो अमेरिकेत आधी उभा राहिला.

अमेरिकेचे उत्तर आणि हैदराबादचे उत्तर

जॉर्जिया राज्यातला मिच मिलर चोरून दारूची भट्टी चालवतो, असा संशय होता. तपास यंत्रणेने त्याच्या दोन बँकांकडून धनादेशांच्या प्रती आणि खात्याचे उतारे मिळवले. मिलर म्हणाला, हे माझे खासगी कागद आहेत. २१ एप्रिल १९७६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की हे कागद बँकेचे आहेत. माणूस आपली माहिती दुसऱ्याच्या हवाली करतो, तेव्हा ती पुढे सरकारकडे जाण्याचा धोका त्याने पत्करलेला असतो. १९७९ मध्ये हाच नियम टेलिफोनवर फिरवलेल्या आकड्यांना लागू झाला: नंबर तर तुम्ही टेलिफोन कंपनीला आपणहून देता. माझ्या शब्दांत सांगायचे तर, अमेरिकी न्यायालयाने माहितीवर उदक सोडायला लावले. दिले ते दान.

मिलरच्या निकालानंतर आठवड्याभराने, २८ एप्रिल १९७६ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीतला जबलपूर खटल्याचा निकाल दिला आणि स्थानबद्ध माणसाला न्यायालयाचे दारच बंद केले. त्या आठवड्यात दोन्ही लोकशाह्यांत नागरिकाचे पारडे हलके झाले होते.

अमेरिकेतच दुसरा विचारही होता. तिथल्या आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याच्या समितीने १९७३ मध्ये, संगणक अजून खोलीएवढे असताना, सांगून ठेवले होते की एका कामासाठी घेतलेली माहिती संमतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरू नये. पण १९७४ चा तिथला कायदा केंद्र सरकारच्या खात्यांपुरता राहिला, खासगी कंपन्या मोकळ्या राहिल्या. हे तत्त्व मनावर घेतले ते युरोपने. जर्मनीतल्या हेसे राज्याने १९७० मध्येच माहिती संरक्षणाचा जगातला पहिला कायदा केला होता. स्वीडनने १९७३ मध्ये देशपातळीवर तो केला. १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीत जनगणनेवरून मोठा विरोध झाला, तेव्हा तिथल्या घटना न्यायालयाने ठरवले की, आपल्या माहितीचे काय व्हावे हे ठरवण्याचा अधिकार मुळात ज्याचा त्याला आहे. आज ज्याचा बोलबाला आहे तो, मे २०१८ पासून लागू झालेला युरोपीय संघाचा जीडीपीआर नियम या रोपट्याचाच वृक्ष आहे.

आपल्याकडे मिलरचा प्रश्न आला तो मात्र अगदी अनपेक्षित ठिकाणाहून, मुद्रांक शुल्कातून. आंध्र प्रदेशाने १८९९ च्या मुद्रांक कायद्याच्या ७३ व्या कलमात दुरुस्ती केली. शुल्क बुडते, असा संशय आला की जिल्हाधिकाऱ्याने अधिकार दिलेली कोणतीही व्यक्ती बँकेत जाऊन ग्राहकांची कागदपत्रे तपासू शकेल, टिपणे घेऊ शकेल, कागद ताब्यातही घेऊ शकेल. बँका न्यायालयात गेल्या. आंध्र उच्च न्यायालयाने दुरुस्ती रद्द केली आणि १ नोव्हेंबर २००४ रोजी सर्वन्यायाधीश लाहोटी आणि न्यायमूर्ती अशोक भान यांनी तो निकाल कायम केला. हैदराबादचे जिल्हा निबंधक विरुद्ध कॅनरा बँक, असा हा खटला.

सरकारी बाजूचा युक्तिवाद मिलरच्या वळणाचाच होता. लाहोटींनी मिलरचा निकाल तपासला, त्याच्यावर अमेरिकेतच झालेली टीका तपासली आणि ती वाट नाकारली. खासगीपणा जागेला नसतो, माणसाला असतो. कागद घरातल्या कपाटात असोत की बँकेच्या तिजोरीत, त्यांतला माझा खासगीपणा माझ्यामागे येतो. बँकेला विश्वासाने दिले म्हणून तो सुटत नाही. सबळ कारण नाही, कोण अधिकारी ते ठरलेले नाही, म्हणून असा सरसकट अधिकार टिकणार नाही.

ग्राहकाच्या दृष्टीने हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. वर्तमानपत्रांतून याची आठवण फारशी कुणी काढत नाही. मुद्रांक शुल्कावरच्या निकालाला मथळा तरी काय देणार! पण ‘दिलेली माहिती कुणाची?’ या प्रश्नाला भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच उत्तर दिले होते: ती ठेव आहे. अमेरिकेच्या न्यायालयाला मिलरच्या नियमाला मोबाइलच्या ठिकाणापुरती मुरड घालायला २०१८ साल उजाडावे लागले.

पुण्यातले कॉल सेंटर

कॅनरा बँकेचा निकाल सरकारपासून संरक्षण देणारा होता. खासगी कंपनीने ठेवीचा दुरुपयोग केला तर काय, याचे उत्तर २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात नव्हते. ते आले त्याला आपल्या पुण्याचाही हातभार आहे, फारसा अभिमानास्पद नव्हे. एप्रिल २००५ मध्ये पुण्यातल्या एका कॉल सेंटरच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांनी अमेरिकी बँकेच्या ग्राहकांकडून गोडीगुलाबीने परवलीचे आकडे मिळवून, त्यांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवल्याचे उघड झाले. परदेशातल्या बँकांचे काम इथे येत होते आणि त्यांच्या ग्राहकांना भरवसा हवा होता. कायदादुरुस्तीच्या हालचालींना त्यामुळे जोर आला.

दुरुस्ती संसदेत मंजूर झाली ती २२ आणि २३ डिसेंबर २००८ रोजी, मुंबईवरच्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा. फारशी चर्चा झाली नाही. सरकारचे नजर ठेवण्याचे अधिकार वाढवणारी कलमे आणि ग्राहकाला भरपाई देणारे ‘४३ अ’ हे कलम एकाच गठ्ठ्यात आले. ‘४३ अ’ म्हणत होते की, संवेदनशील माहिती बाळगणाऱ्या कंपनीने सुरक्षेत हयगय केली आणि त्याने कुणाचे नुकसान झाले, तर कंपनीने भरपाई द्यावी. एप्रिल २०११ च्या नियमांनी संवेदनशील म्हणजे काय ते सांगितले: परवलीचा शब्द, बँक खाते आणि कार्डाचा तपशील, प्रकृती, वैद्यकीय नोंदी, लैंगिक कल, बोटांच्या ठशांसारखी जैविक ओळख. नाव, पत्ता, मोबाइल नंबर या यादीत नव्हते. माझे दहा आकडे कायद्याच्या लेखी संवेदनशील नव्हतेच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने खुलासा केला की, परदेशी कंपन्यांचे काम करारावर करणाऱ्या इथल्या कंपन्यांना संमती वगैरेचे नियम लागू नाहीत. परदेशी गिऱ्हाइकाचा भरवसा राहावा म्हणून सुरू झालेले काम परदेशी कंत्राटाला अडचण नको, इथवर येऊन थांबले.

तरीही ‘४३ अ’चे महत्त्व मी कमी लेखणार नाही. या कायद्याखाली पाच कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी प्रत्येक राज्याचा माहिती तंत्रज्ञान सचिव न्यायनिर्णय अधिकारी असतो. महाराष्ट्रात या अधिकाऱ्यापुढे अशी प्रकरणे चालली आणि खात्यातून पैसे गेलेल्या ग्राहकांना बँकांनी भरपाई द्यावी असे आदेश निघाले. सामान्य माणसाच्या हातात पैसे पडू शकतील, असा हा कायद्यातला एक रस्ता होता. ‘होता’ का म्हणतो, ते पुढे येईल.

नऊ न्यायमूर्ती

आधारविरुद्ध निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ मध्ये न्यायालयात गेले. त्याच वर्षी मूळचे सोलापूरचे न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या समितीने खासगीपणाच्या कायद्यासाठी नऊ तत्त्वे सुचवली. त्यांत ‘ज्या कामासाठी घेतले त्यालाच वापरा’ हे तत्त्व ठळक होते. २०१५ मध्ये सरकारने न्यायालयात भूमिका घेतली की, एम. पी. शर्मा आणि खरक सिंग हे मोठ्या पीठांचे निकाल अजून उभे आहेत, तेव्हा खासगीपणा मूलभूत हक्क नाही. म्हणून नऊ जणांचे पीठ बसले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वांनी एकमताने सांगितले की तो मूलभूत हक्क आहे. त्या पीठात चंद्रचूड, बोबडे आणि सप्रे होते. धनंजय चंद्रचूड यांनी वडील यशवंत चंद्रचूड सहभागी असलेला जबलपूरचा निकाल याच वेळी रद्दबातल ठरवला. बोबडे यांनी आपल्या मतात गृह्यसूत्रांचा आणि कौटिल्याचा दाखला देऊन, दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय न शिरण्याची जुनी रीत दाखवली. ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचे मत संजय किशन कौल यांचे. खासगीपणाला धोका केवळ सरकारचा नाही, आपण जालावर मागे सोडतो त्या पाऊलखुणा गोळा करणाऱ्या कंपन्यांचाही आहे, हे त्यांनी विस्ताराने मांडले.

त्याआधी वर्षभर दिल्लीत ठेवीचाच एक खटला होऊन गेला होता. व्हॉट्सअ‍ॅपने ऑगस्ट २०१६ मध्ये धोरण बदलून, वापरणाऱ्यांची माहिती फेसबुकला देण्याचे ठरवले. दोन विद्यार्थ्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात तक्रार केली: आम्ही आलो तेव्हा अट वेगळी होती. २३ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायालयाने सांगितले की, २५ सप्टेंबरपूर्वी जे बाहेर पडतील त्यांची माहिती पुसा. जे राहतील त्यांची त्या तारखेपर्यंतची माहिती फेसबुकला देऊ नका. जुन्या अटीवर ठेवलेली ठेव नव्या अटीवर वापरता येणार नाही, असाच याचा अर्थ.

विश्वस्त

३१ जुलै २०१७ रोजी केंद्राने न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांची समिती नेमली. मुंबई उच्च न्यायालयात कारकीर्द घडलेले हे न्यायमूर्ती. मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे त्यांचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत माहीत आहे. जुलै २०१८ च्या अहवालात त्यांनी माहिती घेणाऱ्या कंपनीला जे नाव दिले ते ‘डेटा फिड्युशिअरी’. फिड्युशिअरी म्हणजे विश्वस्त. ज्याची माहिती, तो मालक. घेणारा केवळ विश्वस्त. देवस्थानांपासून शिक्षणसंस्थांपर्यंत सार्वजनिक न्यासांच्या महाराष्ट्राला विश्वस्त काय असतो आणि तो कसा वागू शकतो, हे वेगळे सांगायला नको. समितीच्या मसुद्यात या विश्वस्तावर न्याय्य आणि वाजवी रीतीने वागण्याचे स्पष्ट कर्तव्य होते, नुकसान झालेल्याला भरपाई मागण्याचा हक्क होता, आणि सुरक्षेच्या नावाखाली सरकारला सूट हवी तर ती कायद्याने, गरजेपुरती आणि प्रमाणात असावी अशी अट होती.

पुढे पाच वर्षे गेली. २०१९ च्या विधेयकात सरकारची सूट इतकी रुंदावली की खुद्द श्रीकृष्णांनी त्यावर जाहीर टीका केली. संयुक्त समितीने ८१ दुरुस्त्या सुचवल्या, ऑगस्ट २०२२ मध्ये विधेयकच मागे घेतले गेले. अखेर नवे विधेयक ३ ऑगस्ट २०२३ रोजी मांडले गेले आणि ११ ऑगस्टला राष्ट्रपतींच्या स्वाक्षरीने त्याचा कायदा झाला. आठ दिवसांत.

या कायद्यात चांगले पुष्कळ आहे. संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कामासाठी आणि समजून-उमजून दिलेली हवी. ती देणे जितके सोपे, तितकेच काढून घेणे सोपे हवे. कामाला लागते त्याहून जास्त माहितीवर संमती घेतली तरी ती जादा संमती फोल. कायद्यानेच उदाहरण दिले आहे: डॉक्टरी सल्ल्याच्या अ‍ॅपने फोनमधल्या नावांची यादीही मागितली आणि तुम्ही ‘हो’ म्हटले, तरी त्या यादीपुरती तुमची संमती धरली जाणार नाही. दुसऱ्या उदाहरणात औषधाच्या दुकानात पावती मोबाइलवर मागणारी ग्राहक आहे. तिचा नंबर दुकानाने पावती पाठवण्यासाठी वापरावा. माझी चपलेची कथाच जणू. माहिती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला दिला पाहिजे, हीही तरतूद आहे. म्हणजे मराठीत. कंपनीने हयगय केली तर अडीचशे कोटींपर्यंत दंड.

पण हिशेब पुरा मांडायचा तर नावेची बाजूही लिहावी लागते. विश्वस्त हा शब्द राहिला. न्याय्य वागण्याचे सर्वसाधारण कर्तव्य वगळले गेले. भरपाईचा हक्क नव्या कायद्यात नाही, आणि जुन्या कायद्यातले ‘४३ अ’ कलमही तो रद्द करतो. दंडाची सगळी रक्कम भारताच्या संचित निधीत जमा व्हायची. ठेव बुडाली माझी, दंड मिळाला सरकारला. उलट ग्राहकाने खोटी किंवा उगीचच तक्रार केली, तर त्याला दहा हजारांपर्यंत दंड. सुरक्षा, सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र ज्या यंत्रणा अधिसूचित करील त्यांना हा कायदा लागूच नाही. गरज आणि प्रमाण ही श्रीकृष्णांची अट तिथे नाही. तक्रार ऐकणारे मंडळ नेमणार केंद्र सरकार. १८९८ च्या टपाल कायद्याची आठवण होते ती इथे: नोकराने फोडायचे नाही, मालकाने फोडले तर चालेल.

आणखी एक गोष्ट माझ्यासारख्या कागद शोधणाऱ्याला जास्त लागते. माहिती अधिकाराच्या कायद्यात वैयक्तिक माहिती नाकारण्याची तरतूद पूर्वीही होती, पण तिच्यातच तोल होता: जिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, अशीच माहिती नाकारायची, आणि जी संसदेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारायची नाही. नव्या कायद्याने ते शब्द काढून ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच ठेवले. लोकहिताचे सर्वसाधारण कलम अजून आहे हे खरे, पण पहिल्याच खिडकीवर ‘वैयक्तिक’ म्हणून अर्ज परतवणे आता सोपे झाले. केंद्राच्या आधी माहिती अधिकाराचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला याची जास्त चुटपुट वाटायला हवी. ग्राहकाची ठेव जपण्यासाठी केलेल्या कायद्याने अधिकाऱ्याच्या टेबलावरच्या कागदावर पडदा टाकला. ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले तेव्हाच लागू झाली. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या मात्र अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या. पडदा आधी आला, कुलूप नंतर येणार.

उरलेले दार

मग ग्राहकाने काय करावे? वाचता वाचता मला एक दार सापडले, ते भलत्याच कायद्यात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित व्यापारी प्रथे’ची व्याख्या आहे. तिच्यात एक वाक्य नव्याने आले: ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती, कायद्याचा आधार नसताना, दुसऱ्याला उघड करणे हीदेखील अनुचित प्रथा. ‘विश्वासाने दिलेली’. हीच ठेव. आणि ग्राहक आयोगाला नुकसानभरपाई देण्याचा अधिकार आहे. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक चळवळ उभी केली त्याला पन्नास वर्षे झाली, मुंबई ग्राहक पंचायतीलाही तेवढीच. वजनमापातली लबाडी आणि भेसळ यांच्याशी झुंजलेल्या या चळवळीच्या हाती हे वाक्य पडायला हवे. एखाद्या जिल्हा आयोगापुढे कुणीतरी हे प्रकरण चिकाटीने चालवायला हवे. कॅनरा बँकेच्या निकालाला तिथे प्रथमच दुकानाच्या गल्ल्यापाशी उभे करता येईल.

परवा त्याच दुकानात मोजे घ्यायला गेलो. गल्ल्यावर तोच मुलगा. “काका, नंबर?” या वेळी मागे रांग नव्हती. मी म्हटले, “बाळ, मोज्यांना नंबर लागत नाही. आणि मागचा आहे तो काढून टाक.” त्याने मान वर करून पाहिले, थोडा विचार केला आणि म्हणाला, “काढायचं बटणच नाहीये, काका. टाकायचं आहे फक्त.”

बिल मात्र निघाले. नंबराच्या जागी त्याने दहा शून्ये टाकली होती.